खलिफांच्या तुळईवरचं घरटं

चिमण्यांमध्ये नर कोणता आणि मादी कोणती, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, आणि तेही तोंडाला साबणाचा फेस लावलेल्या अवस्थेत. मी मान मागे टाकून खुर्चीत बसलो होतो. वस्तरा माझ्या गळ्यापाशी होता आणि वस्तरा धरणारा माणूस माझ्या गळ्याकडे न बघता छताकडे बघत होता. "कारकूनसाहेब," तो म्हणाला, "त्याची दाढी बगा. औंदा लई दाट आली." वर कुणी माणूस बसलाय की काय, असं मला वाटलं. मान हलवायची सोय नव्हती, म्हणून डोळे तेवढे फिरवले. तुळईवर एक चिमणा बसला होता आणि त्याच्या गळ्याखाली छातीपर्यंत काळाभोर पट्टा होता. घरात, शाळेत, कचेरीत इतकी वर्षं चिमण्या बघितल्या, पण ती दाढी आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

हा माणूस म्हणजे आमचे महादू खलिफा. तेव्हाच्या औरंगाबादेत न्हाव्याला आदरानं खलिफा म्हणायची पद्धत होती. महादू ज्या उस्तादाकडे वस्तरा धरायला शिकले, ते मूळचे खलिफा. पोलीस अ‍ॅक्शननंतर ते आपल्या लेकीकडे हैदराबादला निघून गेले आणि जाताना दुकान महादूंच्या हवाली करून गेले. "उस्तादांनी दुकान दिलं, आन् नाव बी त्याच्यासंगच आलं," असं महादू सांगत. पैठण गेटाकडून गुलमंडीकडे जाताना डाव्या हाताला एक बोळ लागायचा, त्याच्या तोंडाशी हे दुकान. पाटीवरची मूळ अक्षरं उर्दू होती. राज्य बदलल्यावर खलिफांनी त्यांच्यावरच मराठी अक्षरं रंगवून घेतली. पण पेंटरनं रंग पातळ मारला. एक पावसाळा गेल्यावर दोन्ही भाषा एकदम दिसायला लागल्या आणि वाचता एकही येईना. त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

खलिफा अंगानं वाळकुडे, उंचीनं बेताचे, आणि डोकं ऐन चाळिशीतच कापसासारखं पांढरं झालेलं. एकही काळा केस शिल्लक नव्हता. माणसाच्या तोंडाकडे ते कधी बघतच नसत, बघत ते डोक्याकडे. एकदा मी लग्नाला निघालो होतो, अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी. बोळातच समोरासमोर आलो, मी नमस्कार केला, तर खलिफा परक्यासारखे बघत राहिले. "जरा टोपी काढता का?" म्हणाले. मी भर रस्त्यात टोपी काढली. लगेच चेहरा खुलला. "हां! कारकूनसाहेब! डाव्या बाजूला भोवरा!" माझ्या आईलासुद्धा माझा भोवरा कुठल्या बाजूला आहे हे सांगता आलं नसतं.

चिमण्यांकडेही ते अशाच नजरेनं बघत. दुकानाचं छत म्हणजे सागाच्या तुळया आणि त्यांवर पत्रा. दारावरची तुळई भिंतीत जिथे शिरत होती तिथे मूठभर जागा मोकळी राहिली होती, आणि दरवर्षी चिमण्यांचं एक जोडपं तिथे बिऱ्हाड करायचं. खलिफांच्या लेखी ती गिऱ्हाइकंच. "आता नर बगा. डोक्यावर करडी टोपी. कानामागं मेंदी लावलेली. गाल कसे पांढरेधोट, आत्ताच घोटल्यावानी. आन् खाली दाढी. पाखरू कसलं, जुन्या दरबारातला मुन्शी हाय." मादीबद्दल त्यांचं मत त्याहून चांगलं होतं. "बाईमाणसाला दाढी नाय, टोपी नाय, सगळा मातकट रंग. पर भुवई बगा! डोळ्यावरून मागपर्यंत फिकट रेघ. कुणी कोरली असंल?" असं म्हणून ते माझी कानशिलं कोरायला लागत आणि माझी रेघ तितकी सरळ येत नाही म्हणून खट्टू होत.

चिमण्याची दाढी थंडीत मळकट असते आणि होळीच्या सुमाराला काळीकुळकुळीत होते, हेही त्यांनीच मला दाखवलं. "थंडीत त्याला कोण बगतंय? उन्हाळा आला की घर मांडायचं असतं, मग साहेब तयार." मी गमतीनं म्हणालो, "खलिफा, कलप लावत असेल." त्यावर त्यांनी कात्री थांबवली. चेहरा एकदम गंभीर झाला. "असं बोलू नये कारकूनसाहेब. गिऱ्हाईक समोर नसताना त्याच्या केसाबद्दल बोलू नये." गिऱ्हाईक समोरच्या तारेवर बसून पंख खाजवत होतं. तरी मी माफी मागितली, कारण कात्री माझ्या कानापाशी होती.

खलिफा बोलायला लागले की कशावरही बोलत. पाण्याचा नळ, भावकीतली भांडणं, कुणाच्या म्हशीनं किती दूध दिलं, सगळं. पण कुणाच्या डोक्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नाही. कुणाच्या टाळूवर लहानपणी पडल्याची खोक आहे, कुणाला खवडे झाले होते, कुणाचे केस काळजीनं मुठीमुठीनं जातायत, हे सगळं त्यांना ठाऊक असणार. खुर्चीत बसल्यावर माणूस आरशातल्या स्वतःशी बोलल्यासारखा काहीबाही बोलूनही जातो. मीही पुष्कळ बोललो आहे. माझं साहेबांशी वाजलं तेव्हा बोललो, थोरल्या भावानं वाटणीत तोंड फिरवलं तेव्हाही बोललो. ते ऐकत, हुंकार देत, आणि खाली पडलेल्या केसांबरोबर तेही झाडून टाकत.

दुकानात दोन आरसे होते. घरट्याच्या दिवसांत दुसरा आरसा बंद असे. बंद म्हणजे त्याच्यावर टॉवेल टांगलेला असे. कारण चिमण्याला त्या आरशात दुसरा चिमणा दिसायचा, तोही दाढीवाला, तोही रागावलेला, आणि मग दिवसभर काचेवर चोची मारणं चालायचं. "डोकं फोडून घेईल येडं," म्हणून खलिफांनी टॉवेल टांगला. त्यामुळे दुसऱ्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाला फाल्गुन ते वैशाख टॉवेलकडे बघत बसावं लागे. मी मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी माझा नंबर नेमका त्या खुर्चीवर लागला. "खलिफा, कसं दिसतंय?" मी तीनतीनदा विचारलं. "झकास!" ते दर वेळी म्हणाले. घरी गेल्यावर आईनं कपाळाला हात लावला. उजवी बाजू डावीपेक्षा चांगली बोटभर वर गेली होती. मुलीनं होकार दिला, पण त्या दिवशी आपण हसू आवरत खाली मान घालून बसलो होतो आणि सगळ्यांना ती लाज वाटली, असं ती अजून सांगते.

दुकानासमोर रस्त्याच्या कडेला मऊ फुफाट्याचा एक खळगा होता. दुपारी तिथे चिमण्या लोळायच्या. पंख फुलवून, पोट टेकून, अंगावर माती उडवून घ्यायच्या. "अंघोळ झाली, आता पावडर," खलिफा म्हणत आणि माझ्या मानेवर पावडरचा फुगा आपटत. चिमणीला चालता येत नाही, ती दोन्ही पाय जोडून उड्या मारते, याचं त्यांना फार वाईट वाटे. "कावळा बी चालतो, मैना तर मालकिणीवानी चालती. हिलाच काय झालं?" आणि चिमणी कुठे राहते याचा तर त्यांना अनुभवच होता. मेव्हण्याकडे फर्दापूरला गेले असताना ते लेण्यांच्या डोंगरात दिवसभर हिंडले. "लेणी बगितली. चांगली हायेत. पर समद्या डोंगरात एक चिमणी नाय! खाली चहाच्या हाटेलात आलो तर ही गर्दी. माणूस नाय तिथं ती नाय, बगा." लेण्यांबद्दल त्यांनी आयुष्यात एवढंच सांगितलं.

मात्र चिमणीच्या बांधकामावर त्यांचा राग होता. सुगरणीचं घरटं बघावं आणि हिचं बघावं. गवताच्या काड्या, सुतळी, चिंध्या, कापूस, कोंबडीचं पीस, जे दिसेल ते कोंबायचं. त्यातलं निम्मं खाली खुर्चीवरच्या माणसाच्या डोक्यावर. आणि आत मऊ अंथरूण कशाचं? तर दुकानातल्या केसांचं. सकाळी खलिफा केराचा ढीग दाराशी करून ठेवत आणि अंगावर टाकायचं फडकं झटकत, तेव्हा ते जोडपं तारेवर वाटच बघत असे. आमच्या बोळातल्या निम्म्या प्रतिष्ठित मंडळींचे केस त्या तुळईवर होते. नेमकं हेच पुढे खलिफांच्या गळ्याशी आलं.

त्या बोळातल्या सगळ्या दुकानांचे मालक आण्णासाहेब. मूळचे वैजापूरकडचे मोठे शेतकरी. शेती भाऊ बघत आणि हे शहरात राहत. साठी उलटलेली, तरी डोक्यावर काळेभोर दाट केस. त्याचा त्यांना भारी तोरा. लग्नकार्यात फेटा बांधायच्या आधी ते मुद्दाम जरा वेळ बोडके बसत, आणि माझ्या वयाच्या पातळ केसांच्या तरुणांना "काय रे, खात-पीत नाय का?" असं विचारत. दुकानात ते कधी येत नसत. दर पंधरवड्याला खलिफाच सकाळी पेटी घेऊन त्यांच्या घरी जात. खोलीला आतून कडी लागे. मोठ्या माणसांची रीत असेल, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

त्या वर्षी होळी झाली आणि आण्णासाहेबांना अर्धशिशीनं धरलं. डॉक्टर झाले, हकीम झाला, सुंठेचे लेप झाले. शेवटी गावाकडून त्यांची मावशी आली. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "केस कुठं टाकितो?" माणसाचा केस चिमणीनं घरट्यात नेला आणि ती त्याच्यावर बसली की त्या माणसाचं डोकं धरतं, घरट्यातून केस काढून जाळला की मोकळं होतं, असं मावशीचं म्हणणं. आमच्याकडे बायका गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचतात, त्या का, हे मला तेव्हा समजलं. आण्णासाहेबांनी विचार केला. केस कापतात घरी, पण खलिफा फडकं झटकतो दुकानाच्या दारात. आणि दाराच्या वर काय आहे, ते अख्ख्या बोळाला माहीत होतं.

निरोप आला: घरटं काढ. खलिफा धावत त्यांच्या घरी गेले. पिलं बाहेर आली आहेत, अजून अंगावर पिसं नाहीत, पंधरा-वीस दिवसांत उडतील, मग मी स्वतः घरटं काढून तुमच्यासमोर जाळतो, असं हात जोडून सांगितलं. आण्णासाहेब कपाळाला फडकं बांधून बसले होते. "माझं डोकं फुटायला आलं आन् तुला पाखरांची पडली? रविवारी मी येतो. घरटं निघालं नाय, तर तू निघ." दुकानाचा काही कागद नव्हता. उस्तादांना तोंडी दिलेलं, तेच पुढे खलिफांना तोंडी चालू ठेवलेलं. निघ म्हटलं की निघायचं, आणि दुसरीकडे जागा घेण्याची खलिफांची ऐपत नव्हती.

हे मला त्यांनी दाढी करताना सांगितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून माझी हनुवटी कापली. त्यांनी तुरटी लावली. मी शहाणपणा शिकवला. म्हटलं, "खलिफा, चार काड्या आहेत. काढून टाका. चिमण्या पुन्हा बांधतील, दुकान पुन्हा मिळायचं नाही." त्यांनी वस्तरा पट्ट्यावर घासला आणि म्हणाले, "कारकूनसाहेब, तुमची अर्धी दाढी झाली हाय. आता उठा म्हणलं तर?" मी फेस लागलेल्या गालाला हात लावून बघितला. "अर्ध्या कामावर उठवत नसत्यात," ते म्हणाले आणि उरलेली अर्धी दाढी केली.

रविवारी दुकान भरलेलं असतं, त्या रविवारी तर ओसंडत होतं. बातमी पसरली होती. ज्यांना केस कापायचे होते ते आले, ज्यांना नव्हते तेही आले. मी पहिल्या खुर्चीवर होतो, तोंडाला फेस. बाकावर शाळेतले ड्रॉइंग मास्तर होते, खांद्यापर्यंत रुळणारे कुरळे केस असलेले. तेवढ्यात आण्णासाहेब आले. कपाळाला फडकं, मागे गडी, गड्याच्या खांद्यावर शिडी आणि हातात काठी. घरट्यातली पिलं आई आली असं समजून एकदम चिवचिवायला लागली.

"काढ," आण्णासाहेब गड्याला म्हणाले.

गड्यानं शिडी लावली. खलिफा पुढे झाले आणि त्यांनी शिडीचा दांडा धरला. "मालक, तुमच्या शबुदाबाहेर मी नाय. पर समद्यांचं बिऱ्हाड मोडण्यापरीस तुमचे केस तेवढे काढतो ना. काडी न् काडी तपासतो. कुणाचा केस कुणाचा, हे माझ्याशिवाय कोण सांगंल?"

आण्णासाहेब घोटाळले. लोकांना हे फारच पटलं. "बरोबर आहे, बरोबर आहे," असा गलका झाला. मावशीनं केस काढायलाच सांगितलं होतं, पिलं मारायला नाही, हा मुद्दा ड्रॉइंग मास्तरांनी मांडला. "बग मग," आण्णासाहेब म्हणाले, "पर माझ्यासमोर."

खलिफा शिडीवर चढले. चिमणी आणि चिमणा दोघेही त्यांच्या डोक्याभोवती ओरडत घिरट्या घालत होते. खलिफांनी दोन बोटांनी अलगद घरट्याच्या कडेचा एक पुंजका सोडवला, खाली उतरले आणि दाराच्या उजेडात एकेक केस धरून बघायला लागले. "ह्यो मास्तरांचा. कुरळा, तेल लई. मास्तर, खोबरेल कमी करा." बाक हसला. "ह्यो कारकूनसाहेबांचा. बारीक हाय. लई दिवस टिकायचा नाय." आता सगळं दुकान हसलं, आणि फेसाखाली मी लाल झालो. "ह्यो कापडवाल्या शेठचा. ह्यो... ह्यो कुत्र्याचा." लोक खुर्च्यांवरून वाकून बघत होते. आपला केस निघावा अशी प्रत्येकाला आशा वाटायला लागली होती. चिमणीच्या घरात आपण नाही, ही जणू नामुष्कीच.

मग त्यांनी पुढचा केस उचलला आणि थांबले. मी सगळ्यांत जवळ होतो, म्हणून मला तो स्पष्ट दिसला. दोन पेरं लांबीचा केस. वरचं टोक काळंभोर आणि मुळाकडचं टोक पांढरंशुभ्र. आमच्या मामांनी जन्मभर कलप लावला, त्यामुळे असा केस मी चांगला ओळखत होतो. मी आण्णासाहेबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. डोकं दुखायचंही ते विसरले असावेत. एक शब्द, आणि लग्नमांडवात बोडकं बसायचं कायमचं बंद.

खलिफांना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांना डोकं दिसत नसेल तर कुणाला दिसणार? हा केस वर धरून ते नुसतं 'मालक, ओळखा' म्हणाले असते तरी पुरलं असतं. दुकान जन्मभर त्यांचं झालं असतं, आण्णासाहेबांनी पुन्हा मान वर केली नसती.

"हा कुणाचा हो?" मास्तरांनी मान पुढे काढून विचारलं.

"ह्यो?" खलिफा शांतपणे म्हणाले. "ह्यो माझा."

"तुमचा? तुमचे तर सगळे पांढरे!"

"जुना हाय. जवानीतला."

घरटं त्या वर्षीचं होतं. कुणाच्या ते लक्षात यायच्या आत खलिफांनी तो केस बोटांत चुरगळला आणि दाढीचं पाणी गरम करायच्या शेगडीत टाकला. चुर्र झालं, जरासा वास सुटला. उरलेले केस त्यांनी भरभर बघितले आणि हात झटकले. "मालक, तुमचा एक बी केस ह्यात नाय. माझी जबान."

आण्णासाहेबांनी शेगडीकडे बघितलं. मग खलिफांकडे बघितलं. मग गड्यावर खेकसले, "शिडी घे की! उगं उभा ऱ्हायलास! पाखरं घाबरायलीत." आणि निघताना, मागे न बघता, "परवा सकाळी ये रे घरी. नेहमीसारखा."

डोकं थांबलं का? थांबलं म्हणे. मावशी म्हणाली, केस जळला असणार. पिलं यथावकाश उडाली, त्यातलं एक पहिल्या उड्डाणात थेट साबणाच्या वाटीत पडलं. खलिफांनी ते कोमट पाण्यानं धुतलं, फडक्यानं टिपलं आणि तुळईवर ठेवलं. "पयली दाढी," ते म्हणाले.

आण्णासाहेब पुढे पुष्कळ वर्षं जगले, काळ्याभोर केसांनी. शेवटी काही महिने अंथरुणाला खिळले, तेव्हा डोक्याला सतत उपरणं गुंडाळलेलं असे आणि भेटायला कुणाला सोडत नसत. ते गेले त्या सकाळी मीही तिथे होतो. खलिफा पेटी घेऊन आले. "दाढी वाढली हाय, करून घेतो. समदे जरा भायेर व्हा," म्हणाले. दाराला आतून कडी लागली. दाढीला लागतो त्याहून बराच जास्त वेळ गेला. बाहेर बायका रडून दमल्या, भटजी घड्याळ बघायला लागले. दार उघडलं तेव्हा आण्णासाहेब पाटावर बसवलेल्या नवऱ्यामुलासारखे दिसत होते. "काय माणूस!" लोक हळहळले. "ऐंशीला आला, पण एक केस पिकला नाही." खलिफा कोपऱ्यात पाठ फिरवून हात धूत होते आणि बोटांवरचं काळं लवकर निघत नव्हतं.

त्यानंतर एकदा खुर्चीत बसल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "खलिफा, आता आण्णासाहेब गेले. आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी शेगडीत टाकला तो केस कुणाचा होता?" त्यांनी कात्री खाली ठेवली. रागावलेले मी त्यांना तेवढेच बघितले. "कारकूनसाहेब, तुमचं डोकं बी इतकी वर्षं माझ्याच हातात हाय. उद्या कुणी मला तुमचं विचारलं, तर काय सांगू?" साहेबांबद्दल, भावाबद्दल, बायकोबद्दल त्या खुर्चीत मी काय काय बोललो होतो ते सगळं मला एका झटक्यात आठवलं. मी म्हणालो, "मानेवरचे जरा बारीक करा." ते म्हणाले, "व्हय," आणि पुढचं काम सुरू केलं.

आण्णासाहेबांच्या मुलांनी बोळ पाडून सिमेंटची दुकानं बांधली. बापाच्या शब्दाखातर खलिफांना एक गाळा दिला. काचेचं दार, वर सपाट छत, ट्यूबलाइट. "लई गुळगुळीत हाय," खलिफा म्हणाले. "पाय टेकायला जागा नाय तिला." गवंड्याला सांगून त्यांनी दारावर एक वीट ढिली ठेवून घेतली होती, ती इंजिनियरनं बघितली आणि बुजवली. मग ते मुलावर दुकान सोपवून घरी बसले. मी अधूनमधून जात असे. डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, पण माझ्या डोक्यावर हात फिरवून "भोवरा शिल्लक हाय," असं सांगत. एका पावसाळ्यात ते गेले. मुलानं दुकान विकलं.

परवा मी क्रांती चौकातल्या एका नव्या सलूनमध्ये गेलो. नातवाचं लग्न ठरलंय. एसी, गाणी, चहूकडे आरसे. कारागीर पोरगेलासा, हातात सफाई चांगली. त्यानं माझं डोकं इकडून तिकडून बघितलं आणि विचारलं, "अंकल, कलर करू का?" मी आयुष्यात कधी लावला नव्हता. पण लग्नातले फोटो, व्याह्यांचे काळे केस, हे सगळं डोळ्यांपुढे आलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणालो, "कर."

त्यानं तिथूनच पलीकडच्याला हाक मारली. "अबे, अंकल को कलर करने का है! नॅचरल ब्लॅक काढ! मोठा पॅक, समदे पांढरे हैत!"

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. सगळ्या आरशांत मीच होतो. त्या क्षणी मला महादू खलिफांची इतकी आठवण आली की डोळे घळाघळा वाहायला लागले. पोरगं घाबरलं. "डोळ्यात गेलं का, अंकल?" त्यानं विचारलं. अजून त्यानं डबा उघडलाही नव्हता. मी म्हणालो, "हो, गेलं," आणि त्यानं दिलेल्या टॉवेलात तोंड खुपसलं.